त्वचेच्या जंतुसंसर्गावर प्रकाश-उपचार खरंच चालतो का?

तुम्ही विचारलंय की मांडीवर गळवं परत परत येतात, गोळ्यांचा गुण येत नाही, तर ‘लाइट थेरपी’ घ्यावी का?

उपचार खरा आहे, पण नुसता दिवा जंतू मारत नाही. आधी त्वचेवर मेथिलीन ब्लूसारखं रंगद्रव्य लावतात. ते जंतूंना चिकटलं की त्यावर लाल प्रकाश टाकतात. प्रकाशाने चेतलेलं रंगद्रव्य आजूबाजूच्या ऑक्सिजनला इतकं आक्रमक करतं की जंतूंचं आवरण, प्रथिनं, डीएनए सगळंच एकदम जळतं. घाव असा चहूबाजूंनी बसतो, म्हणून अँटिबायोटिकला दाद न देणारा एमआरएसए नावाचा जंतूसुद्धा यात मरतो. मला या उपचाराबद्दल आशा वाटते ती याचमुळे.

मुरमांची गंमत वेगळी. तिथले जंतू स्वतःच पॉर्फिरिन नावाचं असं द्रव्य बनवतात, त्यामुळे नुसत्या निळ्या प्रकाशानेही काही जणांना फरक पडतो.

कल्पना जुनी आहे. त्वचेचा क्षयरोग प्रकाशाने बरा करणाऱ्या डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना 1903 मध्ये नोबेल मिळालं होतं.

पण प्रकाश त्वचेत जेमतेम काही मिलिमीटर शिरतो. पू धरलेलं गळू चिरून रिकामंच करावं लागतं. लाली पसरत असेल, ताप असेल तर वाट न बघता डॉक्टर गाठा. वारंवार गळवं येतात म्हणून पुवाचं कल्चर (पुवात कोणता जंतू आहे ते शोधणारी तपासणी) आणि रक्तातली साखर आधी तपासून घ्या. ऑनलाइन मिळणारे एलईडी मुखवटे गळवांसाठी अजिबात घेऊ नका.