विमान अपहरणावरच्या थरारक कादंबऱ्यांचे एवढे आकर्षण का वाटते?

आपला पंधरा वर्षांचा मुलगा विमान अपहरण आणि दहशतवाद या विषयांवरच्या कादंबऱ्या एकामागून एक वाचतो आहे. त्यात त्याला एवढे काय सापडते, आणि खऱ्या माणसांच्या मरणाशी जवळीक सांगणारी ही करमणूक त्याने वाचावी का, असे आपण विचारले आहे. मी कोपरखैरण्यात राहतो, ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जुना सभासद आहे, आणि कॉलेजात असल्यापासून हा प्रकार, भाषांतरित असो वा मूळ, मनापासून वाचत आलो आहे. तेव्हा एक वाचक म्हणून उत्तर देतो.

माझ्या मते या कादंबऱ्यांची खरी ओढ बंदुकीपेक्षा इंधनात असते. आगगाडी रुळावर उभी करता येते, जहाजाला नांगर टाकता येतो, पण हवेतल्या विमानाला थांबून विचार करण्याची सोय नसते. प्रवासी जेट विमान निघते तेव्हा त्यात मुक्कामापर्यंतचे, तिथे उतरता आले नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि त्यावर अर्धा तास घिरट्या घालण्यापुरते इंधन असावे लागते. त्यामुळे अपहरणकर्ता कितीही धमक्या देवो आणि मंत्रालयात कितीही बैठका होवोत, उरलेली मिनिटे आधीच मोजलेली असतात. वैमानिक, नियंत्रण कक्ष, सरकार आणि अपहरणकर्ते या प्रत्येकाकडे अर्धीच माहिती असते. सगळी माहिती फक्त वाचकाकडे असते आणि त्याला मात्र काहीच करता येत नाही. पुस्तक खाली ठेववत नाही ते यामुळे.

दुसरी गोष्ट कामाच्या शिस्तीची. विमानात जमिनीवरच्या रडारला विमानाची ओळख कळवणारे ट्रान्सपॉन्डर नावाचे उपकरण असते आणि त्यावर चार आकडी संकेत लावलेला असतो. त्यातला ७५०० हा संकेत अपहरणासाठी राखून ठेवलेला आहे. वैमानिकाने पाठीमागे उभ्या असलेल्या माणसाच्या नकळत ते चार आकडे फिरवले, की जमिनीवरच्या नियंत्रकाच्या पडद्यावर त्या विमानाची खूण बदलते. मग नियंत्रक नेहमीच्याच आवाजात, आपण ७५०० लावला आहे का, एवढेच विचारतो; सगळे ठीक असेल तर वैमानिकाने तसे स्पष्ट सांगायचे असते, आणि पलीकडून काहीच उत्तर आले नाही तर काय समजायचे ते नियंत्रकाला ठाऊक असते. चांगला लेखक या एका शांततेवर दोन-तीन पाने लिहितो आणि त्यातली एक ओळही जास्त वाटत नाही. संकटात आरडाओरडा न करता आपले काम करत राहणारी माणसे वाचायला मिळणे हे या वाङ्मयाचे फार मोठे सुख आहे, असे मला वाटते.

आपल्याकडच्या वाचकाच्या बाबतीत यात आणखी एका आठवणीची भर पडते. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी ८१४ हे विमान पळवले गेले, आणि इंधन कमी असल्याने ते अमृतसरला उतरले. तिथे ते पाऊण तासाहून थोडा अधिक काळ उभे होते, आणि इंधन न घेताच पुन्हा उडाले. लाहोरला सुरुवातीला उतरू दिले जाईना, तिथून पुढे दुबई, मग कंदाहार, आणि ३१ डिसेंबरला तीन अतिरेक्यांना सोडून ओलिसांची सुटका. माझ्या वयाच्या कितीतरी माणसांच्या मनात अमृतसरचा तो पाऊण तास अजून संपलेला नाही. त्या वेळेत काय करता आले असते हा प्रश्न इतिहासात बंद झाला आहे, पण कादंबरीत तो पुन्हा उघडतो: विमान उभे आहे, इंधनाचा टँकर निघायचा आहे, निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरत नाही, आणि वाचक त्या खुर्चीत जाऊन बसतो. त्यात नुसते मनोरंजन आहे असे मला कधीच वाटले नाही.

कराचीची घटनाही अशीच. ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन ॲम या अमेरिकन कंपनीचे विमान तिथे जमिनीवर असतानाच बळकावले गेले. विमानातल्या कर्मचारी नीरजा भनोत यांनी वेळीच इशारा दिल्यामुळे वैमानिक कॉकपिटमधून निसटले, आणि उडवणारेच कोणी उरले नाही म्हणून विमान जागीच अडकले. तिथेही शेवट ऊर्जेनेच ठरवला: कित्येक तासांनंतर वीज पुरवणारे साहाय्यक यंत्र बंद पडले, दिवे गेले, हल्ला होतो आहे असे समजून अपहरणकर्त्यांनी अंधारात गोळीबार सुरू केला. प्रवाशांना वाचवताना भनोत यांनी प्राण गमावले.

११ सप्टेंबर २००१ नंतर हे कथानकच बदलले. तोपर्यंत अपहरणकर्त्याला जगायचे असते आणि त्याला काहीतरी हवे असते असे गृहीत धरून कर्मचाऱ्यांना सहकार्याचे शिक्षण दिले जाई, आणि कादंबऱ्याही वाटाघाटींच्या असत. पुढे कॉकपिटला मजबूत, आतून बंद होणारे दार आले. मग २०१५ साली जर्मनविंग्ज या जर्मन विमान कंपनीच्या सहवैमानिकाने त्याच दारामागे स्वतःला कोंडून घेऊन विमान आल्प्समध्ये पाडले आणि १५० जण गेले. तो दहशतवाद नव्हता, तरी रक्षणासाठी बसवलेले दारच घातक ठरू शकते हे सगळ्यांना कळले, आणि नंतरच्या लेखकांना त्याकडे डोळेझाक करता आली नाही.

मी अर्धवट सोडून देतो ती पुस्तकेही पुष्कळ आहेत. एक गोळी लागताच विमान फाटून माणसे बाहेर ओढली जातात असे कोणी लिहिले, की त्याने अभ्यास केलेला नाही हे समजते. गोळीचे भोक लहान असते आणि केबिनमधला दाब लगेच कोसळत नाही. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या अख्ख्या धर्माला खलनायक करणारी आणि प्रवाशांना केवळ मरणाऱ्यांच्या आकड्यात मोजणारी पुस्तके. जून १९८५ मध्ये व्हँकूव्हरच्या काउंटरवर एका माणसाने हट्ट धरला, कर्मचाऱ्याने आधी नकार देऊन मग त्याची बॅग पुढच्या विमानासाठी स्वीकारली, आणि तो माणूस विमानात चढलाच नाही. त्या बॅगेतल्या बॉम्बने आयर्लंडजवळ एअर इंडियाच्या कनिष्क विमानातले ३२९ जण मारले. हा प्रसंग ज्याला नीट समजला आहे तो लेखक काउंटरवरच्या त्या कर्मचाऱ्यालाही माणूस म्हणूनच उभे करील.

आपल्या मुलाला वाचू द्यावे, असे माझे प्रामाणिक मत आहे. फक्त सोबत आयसी ८१४ आणि कनिष्क यांच्या खऱ्या हकिगती त्याला वाचायला द्या, आणि पुढच्या पुस्तकात प्रवाशांपैकी कोणाचे नाव त्याच्या लक्षात राहिले ते विचारा. एकाचेही राहिले नसेल, तर त्या लेखकाचे दुसरे पुस्तक आणण्याची घाई करू नका.