बर्फाखालचे ज्वालामुखी

प्रश्न : आर्क्टिक समुद्रात बर्फाखाली ज्वालामुखींची रांग आहे. आइसब्रेकर तिथवर जातंच, मग यंत्र खाली सोडायला अडचण काय?

उत्तर : जहाज पोहोचतं, पण एका जागी थांबत नाही. ही रांग म्हणजे गाक्केल कटक, समुद्रतळावरची डोंगररांग. ग्रीनलंडच्या उत्तरेपासून सायबेरियाकडे सुमारे १८०० किलोमीटर, बराचसा भाग तीन ते पाच किलोमीटर खोल. वरचा बर्फ सतत सरकतो आणि त्यात रुतलेलं जहाजही. समजा, बर्फ ताशी ५०० मीटर सरकतोय. पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजणारं सीटीडी मिनिटाला ६० मीटरनं सोडलं, तर ४००० मीटर जायला ६७ मिनिटं लागतात. तेवढ्यात जहाज साडेपाचशे मीटर पुढे गेलेलं असतं, आणि शोधायचं असतं ते तळातून गरम पाणी सोडणाऱ्या उष्ण झऱ्याचं तोंड, जेमतेम काही मीटरांचं!

म्हणून हिशेब उलटा मांडतात. बर्फ जिकडून येतोय त्या बाजूला जहाज नेऊन सोडून द्यायचं, वाहत झऱ्यावरून जायचं आणि सीटीडी तळालगतच्या काही शे मीटरांत वरखाली करत राहायचं. वारा फिरला की फेरी फुकट.

झरा शोधताना त्याच्यामुळे पाण्याला आलेल्या नुसत्या गढूळपणावर विसंबू नये. तो प्रवाहाबरोबर दूर जातो. तापमानातला फरक तर अंशाच्या शंभराव्या भागांतला. रेडॉक्स विभव (पाण्यातली द्रव्यं इलेक्ट्रॉन किती सहज देतात-घेतात याचं विद्युत मोजमाप) एकदम घसरलं, तर मात्र झरा जवळ आहे असं समजावं, कारण हायड्रोजन सल्फाइडसारखी द्रव्यं ऑक्सिजन असलेल्या पाण्यात फार टिकत नाहीत.

स्वयंचलित पाणयंत्रांची, म्हणजे केबलशिवाय पाण्याखाली फिरणाऱ्या यंत्रांची, खरी परीक्षा परतताना. एरवी ती पृष्ठभागावर येऊन उपग्रहाकडून ठिकाण घेतात. इथे डोक्यावर बर्फाचं छत. २००७ मध्ये स्वीडनच्या 'ओडेन' जहाजावरून 'प्यूमा' आणि 'जॅग्वार' ही पाणयंत्रं सोडली, तेव्हा त्यांचा माग ध्वनिसंकेतांवरच ठेवावा लागला. यंत्र बर्फाखाली चिकटलं, तर भोवतालचा बर्फ जपून फोडावा लागतो. घाई केली तर जहाजाचा पंखा किंवा बर्फाचा तुकडाच यंत्र चिरडतो. केबलवरच्या यंत्रांना ही भीती नाही, पण बर्फाच्या कडेला घासून केबल तुटू शकते.

प्रश्न : या ज्वालामुखींमुळेच आर्क्टिकचा बर्फ वितळतोय का?

उत्तर : नाही, त्यांच्यावर खापर फोडू नका. उष्ण पाणी वर चढताना भोवतालचं थंड पाणी ओढून घेतं. काही शे मीटरांवर त्याची घनता आसपासच्या पाण्याइतकी होते आणि ते आडवं पसरतं. बर्फ तिथून आणखी काही किलोमीटर वर असतो.