ओबनहून स्कायकडे शिडाच्या नौकेने : आठवड्याचा बेत कसा आखावा

जूनमध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओबन बंदरातून शिडाची नौका भाड्याने घ्यावी, रोज 40 सागरी मैल कापून रोज नव्या बंदरात मुक्काम करावा आणि आठवड्याभरात स्काय बेटाला वळसा घालून परतावे, हा बेत जमेल का, असे आपण विचारले आहे. मुंबई बंदरात नौका हाकण्याचा आपला अनुभव तेथे निश्चित उपयोगी पडेल. तरीही पूर्ण वळशाचा विचार या खेपेस सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंतराची अडचण नाही, कारण जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. खरा प्रश्न पाण्याच्या ओढीचा आहे. उधाणाला मुंबईत पाणी ओबनपेक्षा जास्त चढते-उतरते; मात्र स्कॉटलंडमध्ये तेच पाणी बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून आत-बाहेर करते आणि तेथे त्याचा वेग विलक्षण वाढतो. स्काय आणि मुख्य भूमी यांच्यामधील काइल रिया या सामुद्रधुनीत तो 7 ते 8 नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जातो, आणि भाड्याच्या नौकेचे इंजिन जेमतेम 5 ते 6 नॉट वेग देते. म्हणजे ओढीच्या विरुद्ध वेळी पोहोचल्यास इंजिन पूर्ण जोरात असूनही नौका मागे सरकेल. त्यात वारा प्रवाहाच्या उलट असेल, तर लाटा उभ्या राहून फुटू लागतात. म्हणून नौका ठरवण्याआधी पंचांग पाहावे आणि आठवड्याच्या मध्यावर नवमी-दशमी येईल, म्हणजेच भांगाचे (भरती-ओहोटीत कमी चढ-उतार असलेले) पाणी मिळेल, अशी तारीख निवडावी.

पहिला टप्पा मल बेटावरील टोबरमोरीचा, साधारण 25 सागरी मैलांचा. मल बेटाच्या सामुद्रधुनीतला प्रवाह वायव्येकडे वाहत असेल, अशा वेळी निघावे. वाटेतल्या लिस्मोर बेटाच्या दीपस्तंभापाशी मात्र ओढ आणि वारा यांची गाठ पडली की समुद्र बराच खवळतो. मासेमारीचे बंदर म्हणून 1788 मध्ये वसवलेल्या टोबरमोरीत तरंगते धक्के, पाणी, डिझेल, दुकाने सर्व काही आहे, आणि पुढच्या टप्प्यासाठी हवामानाची वाट पाहायला याहून चांगली जागा नाही.

तो टप्पा म्हणजे आर्डनामर्खनचे टोक. येथवर बेटांचा आडोसा असतो. टोकाला अटलांटिकची लांब लाट थेट अंगावर येते. ॲलन स्टीव्हन्सन यांनी उभारलेला तेथील ग्रॅनाइटचा दीपस्तंभ 1849 पासून प्रकाश देत आहे. हे टोक ओलांडून परतणाऱ्या नौकेच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) हीदर या रानझुडपाच्या फुलांचा जुडगा बांधण्याची तिकडे जुनी प्रथा आहे, यावरून त्याचा मान लक्षात येईल. ब्रिटिश हवामान विभागाचा किनारी अंदाज मल ऑफ किन्टायर ते आर्डनामर्खन आणि आर्डनामर्खन ते केप रॅथ असा वेगवेगळा दिला जातो. दोन्ही ऐकावेत, आणि पश्चिमेचा जोरदार वारा सांगितला असेल तर एक दिवस टोबरमोरीतच थांबावे. त्यासाठी आठवड्यात एक-दोन दिवस मोकळे ठेवणे मला अत्यावश्यक वाटते.

पुढे हवा शांत असेल तर कॅना बेटाचे सुरक्षित बंदर गाठावे. तेथील कंपास हिलच्या खडकांमुळे होकायंत्राची सुई ढळते, म्हणून दिशा नकाशावरून पडताळावी. वारा वाढण्याची चिन्हे असतील तर मुख्य भूमीवरील मॅलेग बंदर उत्तम. स्कायला पाऊल लावायचेच असेल, तर काइल रियाच्या अलीकडे आयल ऑर्नसे येथे आडोशाला नांगर टाकता येतो. स्कायवरील क्यूलिन पर्वताच्या कुशीतले लॉख स्कॅव्हेग (लॉख म्हणजे येथे समुद्राचा आत शिरलेला फाटा) अप्रतिम आहे, पण तेथे डोंगरावरून अचानक वाऱ्याचे झोत कोसळतात. म्हणून स्थिर हवा नसेल तर रात्री तेथे राहू नये.

तळाशी दाट समुद्री शेवाळ असेल तेथे नांगर रुततच नाही, फक्त रुतल्यासारखा वाटतो. इंजिन मागे चालवून तो धरतो का, हे प्रत्येक ठिकाणी तपासावे. खेकडे-शेवंडांच्या सापळ्यांचे दोर इंजिनाच्या पंख्यात अडकू नयेत म्हणून किनाऱ्याजवळ अंधारात जाणे टाळावे. लहान बेटांवर डिझेल मिळेल असे गृहीत धरू नये. इंधन आणि पाणी टोबरमोरीत किंवा मॅलेगमध्येच भरून घ्यावे.