वाचकांचे प्रश्न : एकाच मिरचीचे दोन अहवाल

प्रश्न : कळमन्याच्या बाजारातून १० टन सुकी मिरची युरोपला पाठवली. इथल्या प्रयोगशाळेने एकूण अफ्लाटॉक्सिन (बुरशीतून तयार होणारे विष) ४ मायक्रोग्रॅम प्रति किलो दाखवले, तिकडे निघाले १८. माल अडकला. खोटे कोण?
– मिरची व्यापारी, नागपूर

उत्तर : बहुधा कोणीच नाही. युरोपची मर्यादा मिरचीला एकूण १० आणि बी१ या सर्वांत घातक प्रकाराला ५ अशी आहे. आपल्याकडे मसाल्यांना एकूण ३० चालते. आता हिशेब करा. किलोमागे १० मायक्रोग्रॅम, म्हणजे तुमच्या अख्ख्या १० टनांत मिळून ०.१ ग्रॅम विष. आणि ते सारखे पसरलेले नसते. बुरशी धरलेल्या मूठभर मिरच्यांत ते दाटून असते, शेजारची पोती स्वच्छ निघतात. दारापाशी रचलेल्या चार पोत्यांतून अर्धा किलो काढून दिला असेल, तर ४ हा आकडा त्या अर्ध्या किलोचा झाला, मालाचा नव्हे.

युरोपच्या पद्धतीत ५ ते १० टनांच्या लॉटमधून ८० ठिकाणांहून सुमारे १०० ग्रॅम घेतात. एकूण ८ किलो. थप्पीच्या आतली आणि तळाची पोतीही यात यायला हवीत. खरी गडबड पुढे होते. ८ किलोतली २०० ग्रॅम मिरची उचलून तेवढीच दळली, तर आधीची मेहनत वाया गेली. सगळी ८ किलो बारीक दळायची, नीट मिसळायची, मगच तिचे भाग करायचे. पाणी घालून पातळ लगदा केला तर मिश्रण आणखी एकजीव होते. एक भाग तपासणीला, एक खरेदीदाराला आणि एक सीलबंद करून स्वतःकडे. वाद झाला तर तोच कामी येतो.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी विचारा. पहिली, रिकव्हरी किती? माहीत असलेले अफ्लाटॉक्सिन मिरचीत मिसळून त्यातले किती परत सापडते, ते हे प्रमाण. ७० ते ११० टक्के चालते. ७५ टक्के असेल आणि यंत्राने ६ दाखवले, तर दुरुस्त आकडा ८ येतो. अहवालात दुरुस्ती केली आहे की नाही, हे लिहिलेले हवे. मिरचीचा रंग आणि तेल मोजणीत लुडबुड करतात. शेंगदाण्यावर बसवलेली पद्धत मिरचीवर तशीच लावली की आकडे घसरतात.

दुसरी, आंतरराष्ट्रीय प्राविण्य चाचणीत झेड-स्कोअर, म्हणजे ठरलेल्या मूल्यापासून तिचे उत्तर मान्य विचलनाच्या किती पट दूर गेले, तो आकडा किती? आयोजक संस्था एकाच पिठाच्या पुड्या देशोदेशीच्या प्रयोगशाळांना पाठवते आणि उत्तरे ताडून पाहते. समजा ठरलेले मूल्य ८ आणि मान्य विचलन १.७६ आहे. कोणी ४ सांगितले तर झेड येतो उणे २.२७. उणे-अधिक २ च्या आत समाधानकारक, २ ते ३ शंकास्पद, ३ च्या पुढे नापास. परदेशी सहकार्य म्हटले की सामंजस्य कराराचे फोटो छापून येतात. व्यापाऱ्याच्या उपयोगाचे सहकार्य हे आहे. चाचणी मिरचीचीच होती का, तेवढे मात्र पाहा.

बुरशी कुठे धरली, ते सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवण्या-खुडण्याच्या जागेवर शोधा. देठ खुडायला सोपे जावे म्हणून मिरचीवर पाणी मारतात आणि ओली मिरची रात्रभर ढिगात राहते. पाणी टाळा, मारलेच तर त्याच दिवशी ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा. पांढरी पडलेली फटकी मिरची वेगळी काढा, चांगल्यात मिसळू नका. साठवताना जल-सक्रियता (बुरशीला वापरता येईल अशा पाण्याचे माप) ०.६५ च्या खाली ठेवा. मसाल्यांतील बुरशी-विषे रोखण्याची कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्न-मानके ठरवणाऱ्या संस्थेची, आचारसंहिता २०१७ची आहे. कोडेक्सच्या मसाला समितीचे यजमानपद भारताकडेच आहे. तिची पहिली बैठक २०१४ मध्ये कोचीला झाली.

प्रश्न : चिकनमधून वेगळे केलेले साल्मोनेलाचे नमुने परदेशी विद्यापीठाला जनुकक्रम काढण्यासाठी पाठवायचे आहेत. कुरिअरने चालेल?
– संशोधक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : आधी कागद, मग कुरिअर. जीवाणू हा जैवविविधता कायदा, २००२ नुसार जैविक संसाधन आहे. तुमचा प्रकल्प कलम ५ खालचा, केंद्राने मंजूर केलेला संस्थांमधला सहकार्य प्रकल्प असेल तर सूट मिळते. नसेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी घ्या. मार्गदर्शकांच्या ओळखीवर नमुने पाठवू नका. दोन्ही संस्थांत साहित्य-हस्तांतरण करार हवा आणि समोरच्यांकडे त्यांच्या देशाचा आयात परवाना. पाठवताना पेट्री डिश नको, घट्ट झाकणाच्या नळीत, जीवाणू वाढवायच्या घन माध्यमावर पाठवा. यूएन ३३७३ (अशा जैविक नमुन्यांच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय वर्ग) साठी तिहेरी वेष्टन लागते : गळणार नाही अशी नळी, शोषक कापसासह दुसरा डबा, बाहेर कडक खोका. खरे तर जनुकक्रम इथेच काढून माहिती पाठवणे सोपे पडते, पण तिथेही करार आणि परवानगी आधी तपासा. नमुन्याची तारीख, ठिकाण आणि स्रोत जोडल्याशिवाय त्या माहितीचा कोणाला उपयोग नाही.

प्रश्न : आमच्या मसाला युनिटमध्ये फॉस्टॅक प्रशिक्षण झाले आहे. अमेरिकेचा खरेदीदार ‘पीसीक्यूआय’ मागतो. दोन्ही एकच का?
– उद्योजक, हिंगणा

उत्तर : नाही. फॉस्टॅक हे आपल्या देशातले अन्नसुरक्षा प्रशिक्षण : २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक. पीसीक्यूआय (प्रतिबंधक नियंत्रणांसाठी पात्र व्यक्ती) ही अमेरिकी अन्नसुरक्षा कायद्यातली जबाबदारी आहे. ती व्यक्ती धोक्यांचे विश्लेषण आणि अन्नसुरक्षा आराखडा तयार करते किंवा त्यावर देखरेख ठेवते. मालकाने स्वतः कोर्स करण्यापेक्षा रोज नोंदवही पाहणाऱ्याला पाठवा, कारण देखरेखीच्या नोंदी साधारण ७ कामकाजी दिवसांत तपासाव्या लागतात.