नसबंदीत नेमकं काय कापतात आणि ते मग जातं कुठं

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दुसरं लेकरू झालं, वहिनींचं रक्त (हिमोग्लोबिन) साडेसहावर आलं, डॉक्टरीणबाई म्हणल्या आत्ता टाक्याचं ऑपरेशन, म्हणजे बाईची नसबंदी, नको, तुम्ही म्हणालात मग माझं करा, आणि घरी आल्यावर आई रडायला लागल्या की गड्याचं ऑपरेशन केलं की ताकद जाते, कोयता उचलत नाही. तुम्हाला दोनच गोष्टी पाहिजेत, कापतात काय आणि आत तयार होणारं जातं कुठं. मी आरोग्य सेवक म्हणून 22 वर्षं बीड जिल्ह्यात काढली आणि 14 वर्षांपूर्वी स्वतःचं करून घेतलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हाताला लागतं तिथून सुरू करा. गरम पाण्यानं अंघोळ करताना पिशवी सैल पडलेली असते, तेव्हा एका बाजूची गोळी, म्हणजे वृषण, हलक्या हातानं धरा. मागच्या बाजूला मऊ गाठोड्यासारखं लागतं, लई लोक त्याला घाबरून कॅन्सरची गाठ समजतात, पण ते अधिवृषण, प्रत्येकाला असतंच. (गोळीवरच कडक गाठ लागली तर मात्र डॉक्टरला दाखवायची, ती गोष्ट वेगळी.) तिथून वर जांघेकडं एक दोर जातो, त्यात चिमटीत फिरवून बघा, बाकी सगळं मऊ लागतं आणि एकच नळी पेनातल्या रिफिलसारखी कडक, गोल, सटकणारी लागते. तीच शुक्रवाहिनी, आपण जिला नस म्हणतो. ऑपरेशनमध्ये फक्त तिचा छोटा तुकडा काढतात, दोन्ही बाजूचा. गोळीला हात लावत नाहीत.

आता ताकदीचं. गोळीच्या आत केसासारख्या बारीक नळ्यांची गुंडाळी आहे, सरळ केली तर शेकडो मीटर भरेल, आणि त्या नळ्यांत शुक्रजंतू तयार होतात, एक जंतू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तिथून ते अधिवृषणात येतात, ती पण एकच नळी, 6 मीटरच्या आसपास लांब पण बोटाच्या दोन पेराएवढ्या जागेत घडी घालून बसलेली, आणि ह्या प्रवासात जंतू पोहायला शिकतात. पण गोळीचं दुसरं काम पण आहे, त्या नळ्यांच्या मधल्या फटीत वेगळ्या पेशी बसलेल्या असतात, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात, दाढी मिशा, आवाज, दंडातली ताकद, इच्छा हे सगळं त्याच्यावर. आणि हे टेस्टोस्टेरॉन नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात उतरतं आणि रक्तवाहिन्या वेगळ्या आहेत, त्या कापत नाहीत. म्हणून आईंना एवढंच सांगा की कोयता उचलायची ताकद रक्तातून येते, ती वाट उघडीच राहते. लिंग ताठ होतं ते पण रक्त भरल्यानं आणि मज्जातंतूंच्या इशाऱ्यानं, त्याचा ह्या नळीशी संबंध नाही.

पुढं नळी जाते कुठं ते बघा म्हणजे बाकीचं समजेल. दीड फुटाच्या आसपास लांबी, जांघेतून पोटात शिरते, लघवीच्या पिशवीच्या मागं वळसा घेते, तिथं वीर्यकोशाची नळी येऊन मिळते आणि मग प्रोस्टेट नावाच्या ग्रंथीच्या पोटातून लघवीच्या मार्गात उघडते. वीर्य म्हणून जे बाहेर येतं त्यातला निम्म्याहून जास्त भाग वीर्यकोशाचा आणि पाव भागाच्या आसपास प्रोस्टेटचा, खालून गोळीकडून येणारा भाग शंभरात दोन ते पाच. त्यामुळं ऑपरेशननंतर डोळ्याला फरक दिसत नाही, तेवढंच येतं, तसंच येतं, फक्त त्यात जंतू नसतात.

आणि जंतू जातात कुठं? कुठंच साचून राहत नाहीत. तयार होत राहतात, अधिवृषणापर्यंत येतात, तिथं म्हातारे होऊन मरतात आणि शरीर त्यांना विरघळवून शोषून घेतं. ज्याची नसबंदी झाली नाही त्याच्या शरीरात पण न वापरलेल्या जंतूंचं हेच होतं. सुरुवातीचे काही आठवडे काही जणांना खाली जड जड वाटतं, मलाही वाटलं, महिनाभरात गेलं.

ऑपरेशन म्हणाल तर टाका नसतोच. चीनच्या सिच्वान प्रांतातल्या ली शुनचियांग ह्या डॉक्टरनं 1974 मध्ये ही पद्धत काढली, भूल देऊन कातडीला टोचून एक बारीक भोक पाडतात, त्यातूनच दोन्ही नळ्या एक एक करून बाहेर ओढतात, तुकडा काढून तोंडं बांधतात. माझं 15 मिनिटांत झालं. नळी ओढली तेव्हा कळ खाली न येता बेंबीच्या खाली पोटात आली, मी डॉक्टरांना विचारलं तर म्हणले गोळ्या आईच्या पोटात असताना बाळाच्या मूत्रपिंडापाशी तयार होतात आणि मग खाली उतरतात, म्हणून त्यांचे मज्जातंतू अजून वरचेच आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाचा. कापलेल्या जागेच्या वर तेवढी लांब नळी राहिलेली असते आणि तिच्यात आधीचे जंतू शिल्लक असतात. ते धुऊन जायला तीन महिने लागतात, तोवर निरोध किंवा दुसरं साधन वापरायचंच, आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून एकही जंतू नाही असा रिपोर्ट आला की मगच मोकळं. आमच्या भागातल्या एका गड्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन महिन्यांत बायकोला दिवस गेले आणि सगळ्या गावानं तिच्यावर संशय घेतला, ती माहेरी जाऊन बसली. मी त्याला घेऊन तपासायला गेलो, रिपोर्टमध्ये जंतू निघाले, तेव्हा कुठं सासूनं तिला परत आणलं. त्या बाईनं जे सोसलं ते एका वाक्याच्या माहितीनं टळलं असतं, म्हणून मी हे प्रत्येकाला दोनदा सांगतो.

त्यामुळं तुमच्यासाठी तारीख महत्त्वाची. ऊसतोडीची टोळी दसरा दिवाळीच्या सुमारास निघते, सरकारचा पुरुष नसबंदी पंधरवडा असतो 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर, तेव्हा आपल्याकडचे गडी फडावर असतात, माझ्या मते आपल्या जिल्ह्यासाठी ही वेळच चुकीची आहे. पंधरवड्याची वाट बघू नका. आषाढातच उपजिल्हा रुग्णालयात जा, आशाताईला सोबत घ्या, म्हणजे तीन महिन्यांची तपासणी निघायच्या आधी होते. दोन दिवस आराम, हलकं काम नंतर, मोळी उचलणं, सायकल, मोटारसायकल आठवडाभर नको. लंगोट किंवा घट्ट चड्डी घाला.

त्रास कुणालाच होत नाही असं मी म्हणणार नाही. सूज, रक्त साकळणं, पू होणं थोड्या जणांना होतं, शंभरात एक दोघांना दुखणं लांबतं. नळी पुन्हा जोडता येते पण लेकरू होईलच ह्याची खात्री नसते, म्हणून कायमचं समजूनच करा, दोन्ही लेकरांचा विचार करून.

आईंना रागावू नका. 1976-77 ह्या एका वर्षात देशात 80 लाखांच्या वर नसबंद्या झाल्या, त्यात 60 लाखांच्या वर पुरुष होते, कित्येकांना जबरदस्तीनं नेलं, त्या वयाच्या माणसाच्या मनात ती भीती बसलेली आहे. पण त्यानंतर सगळं ओझं बायांवर गेलं, 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या जवळपास 38 जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेलं आणि पुरुषाचं हजारात 3 जोडप्यांत. साडेसहा रक्त असलेली बाई फडावर मोळ्या वाहते आणि पोट पण तिचंच फाडायचं, हे मला पटत नाही.

तालुका कळवा, कुठल्या दिवशी सर्जन असतात ते विचारून सांगतो. आणि वहिनींच्या रक्ताच्या गोळ्या चालू आहेत का ते पण लिहा, चहाबरोबर घेत असतील तर चहाबरोबर घेणं थांबवा, लिंबू पाण्याबरोबर घ्यायला सांगा.