व्हिडिओ अडकतोय, पण डॅशबोर्ड म्हणतो सगळं ठीक

प्रश्न: आम्ही नवरा-बायको दहावीच्या गणिताचे व्हिडिओ क्लास चालवतो, स्वतःचं छोटं ॲप आहे, शंभरेक मुलं, त्यातली काही जत-आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवरची. पालकांचे फोन येतात की व्हिडिओ नुसता गोल गोल फिरतो, सुरूच होत नाही. ॲपचे आकडे दाखवणारा डॅशबोर्ड उघडला तर बफरिंग (व्हिडिओ अडकून राहण्याचा वेळ) पाव टक्का, म्हणजे नसल्यासारखंच. होस्टिंगवाले, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर व्हिडिओ ठेवलेत ते, म्हणतात आमच्या बाजूने सगळं ओके. मग खरं कोणाचं मानायचं?
– एक शिक्षिका, सांगली जिल्हा

उत्तर: ताई, पालकांचं खरं आहे आणि तो पाव टक्काही खरा आहे, आणि हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं असू शकतं ते कागदावर मांडून बघा. समजा 90 मुलांकडे बरं नेट आहे, त्यांनी 40-40 मिनिटं व्हिडिओ पाहिला, एकदाही अडकला नाही. उरलेल्या 10 मुलांनी 3-3 मिनिटं पाहिला, त्याशिवाय 1-1 मिनिट गोल फिरत बसलं, मग वैतागून बंद केला. आता सगळ्यांची मिळून बेरीज करा, 3640 मिनिटांत 10 मिनिटं अडकलं, म्हणजे पाव टक्क्याच्या किंचित वर. पण त्या 10 जणांपुरतं बघितलं तर 40 मिनिटांत 10, म्हणजे 25 टक्के! ज्याला जास्त त्रास तो लवकर उठून जातो, त्यामुळे सरासरीत त्याचं वजनच पडत नाही. शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात एकाच पातेल्यातला हवा ना, इथे तर दोन वेगळ्या चुली आहेत.

आणि ज्याचा व्हिडिओ सुरूच झाला नाही तो तर या हिशोबात येतच नाही, कारण त्याची बघितलेली मिनिटं शून्य. म्हणून बफरिंगच्याही आधी एक आकडा काढा: प्लेचं बटण दाबलं पण पहिलं चित्र दिसायच्या आत किती जण निघून गेले. माझ्या मते तुमचं दुखणं इथेच आहे, पालक "सुरूच होत नाही" म्हणतायत ते शब्दशः घ्या. अकामाई या इंटरनेटवर व्हिडिओ पोचवणाऱ्या कंपनीच्या डेटावर कृष्णन आणि सीतारामन यांनी 2012 साली केलेला अभ्यास आहे, 2 कोटी 30 लाख व्ह्यूजचा, त्यात दिसलं की सुरू व्हायला 2 सेकंदांच्या वर वेळ लागला की लोक सोडून जायला लागतात आणि पुढच्या दर सेकंदाला साधारण 5.8 टक्के जास्त लोक जातात.

होस्टिंगवाल्यांना ओके का दिसतं? त्यांचा सर्व्हर एवढंच सांगतो की फाईलचा तुकडा पाठवला. तो मुलाच्या फोनवर किती वेळाने पोचला, स्क्रीनवर काय दिसलं, हे फक्त ॲपमधल्या व्हिडिओ चालवणाऱ्या प्लेअरला माहीत असतं. त्यामुळे मोजणी प्लेअरमध्ये बसवायची. अँड्रॉइडवर एक्सोप्लेअर वापरत असाल (आता तो मीडिया3 मध्ये येतो) तर त्यात ही मोजणी करणारा प्लेबॅकस्टॅट्सलिसनर तयारच मिळतो, प्रोग्रामर मुलाला नाव सांगा, त्याला पुरेल. दोन गोष्टी मात्र त्याला बजावून सांगा. एक, मुलाने व्हिडिओ पुढे-मागे केल्यावर जे थांबतं ते वेगळं मोजायचं, गणिताच्या व्हिडिओत मुलं तीच स्टेप चार वेळा मागे नेऊन बघतात, ते बफरिंगमध्ये धरलं तर सगळा घोळ. दुसरं म्हणजे ज्याचं नेट गेलंय त्याच्या फोनवरून "माझं नेट गेलं" हा निरोप तरी कसा येणार, म्हणून नोंदी फोनवरच साठवून ठेवायच्या आणि नेट आलं की पाठवायच्या, नाहीतर सगळ्यात वाईट अनुभव तुमच्यापर्यंत कधी पोचणारच नाहीत.

डेटा आला की सरासरीकडे बघूच नका, फोडा. नेट कंपनीनुसार, गावानुसार, फोनच्या मॉडेलनुसार, ॲपच्या व्हर्जननुसार, आणि वेळेनुसार, कारण संध्याकाळी 7 ते 10 टॉवरवर गर्दी असते आणि मुलं नेमकी तेव्हाच अभ्यासाला बसतात. फक्त फार बारीक फोडू नका, एखाद्या खणात पाच-सातच नोंदी उरल्या तर त्यावरून निष्कर्ष काढायचा नाही. यासाठी मुलांची नावं किंवा नंबर लागत नाहीत, प्रत्येक सेशनला (एका वेळच्या बघण्याला) एक आकडा दिला की भागतं.

आता उपाय. व्हिडिओ तीन-चार क्वालिटींमध्ये ठेवलेला असतो, प्लेअर नेट बघून वर-खाली करतो. तुमची सगळ्यात खालची पायरी किती आहे ते बघा. ती 800 केबीपीएस (सेकंदाला 800 किलोबिट) असेल आणि वस्तीवर संध्याकाळी 400 च मिळत असतील तर 1 सेकंदाचा व्हिडिओ यायला 2 सेकंद लागणार, प्लेअरने काहीही केलं तरी अडकणारच. तर खाली आणखी एक पायरी जोडा. पण नुसतं 240पी करून टाकू नका, फळ्यावरचा वर्ग आणि घन यातला फरक दिसला नाही तर त्या व्हिडिओचा उपयोग काय! फळ्याच्या व्हिडिओत हालचाल फार कमी असते, त्यामुळे 360पी ठेवून सेकंदाला 15 फ्रेम केल्या तरी अक्षर वाचता येतं आणि डेटा बराच वाचतो. प्रत्येक व्हिडिओला त्याच्या जातीप्रमाणे बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा) द्यायचा हा विचार नेटफ्लिक्सने 2015 च्या डिसेंबरात मांडला होता, तो तुम्हाला अगदी लागू पडतो. किती बिटरेटला अक्षर फुटतं ते मात्र साध्या फोनवर स्वतः डोळ्यांनी बघून ठरवा.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे नंतर घाबरणार नाही. उपाय लागू पडला की तुमचं एकूण बफरिंग कदाचित वाढलेलं दिसेल. यूट्यूबमध्ये 2009 च्या सुमारास हेच झालं होतं. ख्रिस झकारियास या इंजिनियरने व्हिडिओचं पान 1.2 एमबीवरून 98 केबीवर आणलं, आणि आकडे बघितले तर पान उघडायचा सरासरी वेळ चक्क वाढला होता! मग त्यांनी देशानुसार फोड केली तेव्हा कळलं की आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सायबेरिया इथून नवीन लोक यायला लागलेत. जुनं पान उघडायला त्यांना 20 मिनिटांच्या वर लागायची म्हणून ते यायचेच नाहीत, आता 2 मिनिटांच्या थोड्या वर वेळात होत होतं म्हणून थांबत होते. तुमच्या त्या 10 मुलांनी उद्या 3 च्या जागी 30 मिनिटं व्हिडिओ पाहिला, मध्ये चार वेळा अडकला तरी, तर एकूण आकडा बिघडेल आणि क्लास सुधारलेला असेल. म्हणून त्या गावांतली मुलं किती मिनिटं बघतात हे बफरिंगच्या शेजारीच मांडा, आणि तुलना करताना परीक्षेच्या आठवड्याची सुट्टीच्या आठवड्याशी करू नका.

प्रश्न: घरी यूट्यूब बघताना चित्र धक्के खात चालतं. नेट कंपनी बदलू का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: आधी पाच मिनिटं तपासा काका. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक केलं की "स्टॅट्स फॉर नर्ड्स" असं येतं, ते उघडा. त्यात "बफर हेल्थ" म्हणजे पुढचे किती सेकंद आधीच येऊन पडलेत. तो आकडा घसरत घसरत शून्यावर गेला की चित्र थांबत असेल तर नेटचा प्रश्न, तेव्हा राउटरच्या शेजारी बसून एकदा परत बघा, कारण बऱ्याचदा कंपनीची लाईन ठीक असते आणि मधल्या भिंतींमुळे वायफाय पोचत नाही. पण बफरमध्ये 20-30 सेकंद शिल्लक असूनही धक्के बसतायत आणि "ड्रॉप्ड फ्रेम्स"चा, म्हणजे गाळल्या गेलेल्या चित्रांचा, आकडा वाढतोय असं दिसलं तर नेटचा काही दोष नाही, मशीनला तेवढं चित्र उलगडायला झेपत नाहीये, 1080पी वरून 720पी करून बघा.