काचबिंदू आहे म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करायच्या का?

तुमच्या आईचं हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन (शरीरात लोहाचा साठा किती हे सांगणारा रक्तातला आकडा) ७ आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. फिजिशियननी लोहाच्या गोळ्या दिल्या, पण 'लोहामुळे डोळ्याची नस मरते' असं वाचून तुम्ही त्या कपाटात ठेवून दिल्यात. माझं मत आधीच सांगतो: त्या बाहेर काढा. त्यांच्या डॉक्टरांशी आजच बोला आणि सुरू करा.

तुम्ही वाचलंत ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. मला स्वतःला काचबिंदू आहे आणि नोकरीत असताना जीवरसायन शिकवायचो, त्यामुळे या विषयाच्या मागे मी बराच काळ लागलो आहे.

दृष्टीच्या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. दृष्टिपटलातल्या (रेटिनातल्या) गँग्लियन पेशींच्या, म्हणजे डोळ्यातला संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशींच्या, या लांबलचक शेपट्या. डोळ्याच्या आतल्या भागात या शेपटीवर मायलिनचं, म्हणजे संदेश वेगाने नेणारं चरबीचं, आवरण नसतं, त्यामुळे संदेश पुढे ढकलायला तिला भरपूर ऊर्जा लागते. ही ऊर्जा मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली वीजघरं, तयार करतात आणि त्यांची यंत्रणा लोहाशिवाय हलत नाही. म्हणजे याच पेशींना लोहाची गरज मोठी. गंमत अशी की धोकाही त्याच लोहाचा. मोकळं लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल रॅडिकल हा अतिशय आक्रमक कण तयार होतो, आणि तो समोर येईल त्याला जाळतो. रसायनशास्त्रज्ञ फेंटननी १८९४ मध्ये दाखवलेली हीच ती अभिक्रिया. म्हणून पेशी लोह मोकळं सोडत नाही, फेरिटिन नावाच्या प्रथिनाच्या पिंजऱ्यात कोंडून ठेवते. एका पिंजऱ्यात सुमारे ४,५०० अणू मावतात.

काचबिंदूत हा पिंजरा फुटतो, असं आता दिसतंय. डोळ्याचा दाब वाढवलेल्या उंदरांवरचं काम २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. दाबाखाली आलेल्या गँग्लियन पेशींत एनसीओए४ हे प्रथिन फेरिटिनला पेशीच्या कचराकुंडीत नेऊन मोडायला लावतं, आतलं लोह सुटतं आणि पेशीच्या आवरणातली चरबी खवट होत जाते. तेल खवट होतं तसंच, फक्त इथे पेशी मरते. या मरणाला फेरॉप्टोसिस म्हणतात. हे नाव २०१२ मधलं. दृष्टिपटलाच्या आवरणांत सहज खवट होणारी चरबी मुबलक असते, त्यामुळे ते जात्याच नाजूक. त्या उंदरांना लोह बांधून ठेवणारं डेफेरिप्रोन दिलं तेव्हा बऱ्याच पेशी वाचल्या.

आता नीट बघा. इथे सुटलेलं लोह पेशीच्या स्वतःच्या साठ्यातलं आहे, कालच्या गोळीतलं नाही. रक्त आणि दृष्टिपटल यांच्यामध्ये अडथळा असतो, आणि लोह किती आत घ्यायचं, किती बाहेर काढायचं याची दृष्टिपटलाची स्वतःची व्यवस्था असते. आईंच्या रक्तात खडखडाट आहे. त्या रिकाम्या तिजोरीत थोडी भर घातली म्हणून डोळ्यात लोहाचा पूर येईल, असं मानायला मला आधार दिसत नाही. उलट तीव्र रक्तक्षयात दृष्टिपटलावर रक्तस्राव होऊ शकतात आणि आधीच दमलेल्या नसेला प्राणवायू कमी पडतो, तो तोटा वेगळाच.

तुमच्या भीतीचं मूळ बहुधा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी सर्वेक्षणावर आधारलेल्या अभ्यासात असावं. त्यात दिवसाला १८ मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त लोह पूरक म्हणून घेणाऱ्यांत काचबिंदू असल्याचं प्रमाण जास्त आढळलं होतं. पण काचबिंदू आहे की नाही हे लोकांनी स्वतःच सांगितलेलं, आणि पाहणी एकाच वेळची. आधी काय झालं, गोळी की आजार, हे त्यातून कळत नाही. त्यातून मी एवढंच घेतो: कमतरता नसताना 'ताकदीसाठी' लोह खाऊ नये. तुमच्या आईंना कमतरता आहे, तीही सणसणीत.

मग डेफेरिप्रोनच घेऊन बघायचं का, असा पुढचा प्रश्न येईलच, कारण तो नेहमी येतो. अजिबात नको. या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतात. पार्किन्सनमध्येही मेंदूत लोह साठतं म्हणून सुरुवातीच्या रुग्णांना ते देऊन पाहिलं. २०२२ मध्ये निकाल आला तेव्हा औषध घेणाऱ्यांची लक्षणं जास्त बिघडली होती. आणि डेफेरॉक्सामीन हे याच गटातलं जुनं औषध तर दृष्टिपटलालाच इजा करू शकतं. लोह काढून टाकणं आणि लोहाचा तोल सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डोळ्यांच्या डॉक्टरांना हिमोग्लोबिनचा आकडा जरूर सांगा. बहुतेक लोक सांगत नाहीत. गोळ्या सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन आणि फेरिटिन पुन्हा कधी तपासायचं हे फिजिशियनना विचारा, म्हणजे साठा भरल्यावर गोळ्या उगाच चालू राहणार नाहीत. या वयात लोह इतकं खाली का गेलं हाही प्रश्न त्यांना विचाराच, कारण पोटात किंवा आतड्यात कुठे हळूहळू रक्त जात असेल तर ते काचबिंदूपेक्षा तातडीचं आहे.

आणि डोळ्यातला दाब कमी करणारे थेंब. हा दाब १ मिलिमीटर पाऱ्याने कमी झाला तरी आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो, हे माणसांवरच्या दीर्घ चाचणीत दिसलेलं आहे, उंदरांवरच्या नाही. या लोहाच्या गोंधळात आईंचे रात्रीचे थेंब चुकत नाहीत ना, ते आधी बघा.